इंधनटाकी व पल्ला (फोर्ड एफ-१५०)

टाकी एकदा पूर्ण भरल्यावर गाडी जितके अंतर कापते, तो तिचा पल्ला. टाकीतले लिटर गुणिले ॲव्हरेज, एवढेच त्याचे गणित. पहिला आकडा कारखान्यात कायमचा ठरतो. दुसरा मात्र ओझे, चढ, वारा आणि चालकाचा पाय यांनुसार बदलत राहतो. अमेरिकेतील फोर्ड एफ-१५० या पिकअप ट्रकवरून हे चांगले समजते.

एफ-मालिकेतील गाड्यांची टाकी १९७२ पर्यंत केबिनमध्येच, आसनाच्या मागे असे; चालक जवळजवळ पेट्रोलला टेकूनच बसे. १९७३ मध्ये ती हौद्याखाली गेली. ‘एफ-१५०’ हे नाव १९७५ चे. पुढे बऱ्याच गाड्यांना दोन टाक्या असत आणि डॅशबोर्डवरचे बटण दाबून एकीवरून दुसरीवर जाता येई.

२०२१ च्या पिढीत २३, २६ व ३६ अमेरिकन गॅलनच्या, म्हणजे सुमारे ८७, ९८ व १३६ लिटरच्या टाक्या आल्या, हायब्रिडला ३०.६ गॅलनची (११६ लिटर). भारतात विकल्या जाणाऱ्या टोयोटा हायलक्सची टाकी ८० लिटरची आहे. गॅलनला २० मैल, म्हणजे लिटरला साधारण साडेआठ किमी ॲव्हरेज धरले, तर एफ-१५० च्या सर्वांत लहान टाकीचा पल्ला ७४० किमी आणि सर्वांत मोठीचा १,१६० किमी भरतो.

हा हिशेब मोकळ्या गाडीचा. मागे जड, उंच ट्रेलर जोडला की ॲव्हरेज निम्म्यावर येऊ शकते. अलास्कातील डाल्टन महामार्गावर कोल्डफुट सोडले की डेडहॉर्सपर्यंत सुमारे २४० मैल (३८५ किमी) पेट्रोल मिळत नाही. ट्रेलरसह गॅलनला १० मैल धरले, तर २३ गॅलनची टाकी मुक्कामाच्या अलीकडेच कोरडी पडेल. ३६ गॅलनची ३६० मैल नेईल. मोठ्या टाकीचे मोल आहे ते अशा ओढकामात. गावात फिरणाऱ्याच्या पंपावरच्या खेपा तेवढ्या कमी होतात, आणि जादा पेट्रोलचे सुमारे ३६ किलो वजन माल वाहण्याच्या क्षमतेतून वजा होते ते वेगळेच. २०२२ मध्ये आलेल्या विजेवरील एफ-१५० लाइटनिंगचा मोठ्या बॅटरीसह अधिकृत पल्ला ३२० मैल (५१५ किमी) होता. ट्रेलर जोडल्यावर तोही असाच घटतो.

डॅशबोर्डवर दिसणारे ‘उरलेले अंतर’ हा आधीच्या ॲव्हरेजवरून काढलेला अंदाज असतो. म्हणून ट्रेलर नुकताच जोडला असेल तेव्हा त्यावर विसंबू नये. काटा वारंवार तळाला नेणेही बरे नव्हे, कारण इंधनपंप टाकीतच बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. भरताना नोझल आपोआप बंद झाले की थांबावे. हट्टाने आणखी भरल्यास पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरते आणि तो निकामी होऊ शकतो.