वडगाव १७७९ : तोफांआधी वैरण
नवलाख उंबऱ्याजवळचे तळेगाव ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रजांच्या हाती लागले, ते जळालेल्या अवस्थेत. धान्य नाही, चारा नाही. रघुनाथरावांना पेशवेपदी बसवण्यास निघालेल्या सुमारे चार हजारांच्या या फौजेसोबत १९,००० बैल होते. युद्धशास्त्राच्या विद्यार्थ्याने तोफांआधी हा आकडा पाहावा. बैलांना रोज वैरण लागते. घाटमाथ्यावरून तळेगाव गाठायलाच त्यांना दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. वाटेत कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट, मराठ्यांचा ‘इष्टुर फाकडा’, पडला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून फौज माघारी वळली. मराठ्यांनी तिला वडगावला घेरले. महादजी शिंद्यांशी झालेल्या तहात साष्टी परत देण्याचे कबूल झाले. हेस्टिंग्जने तो तह पुढे नाकारला.