सतराव्या रकान्यातला आकडा

मास्टर्स गोल्फ स्पर्धेच्या निकालांत १९६८ सालापुढे पहिली तीन नावे अशी आहेत : बॉब गोल्बी, २७७. रॉबर्टो डी व्हिसेन्झो, २७८. बर्ट यान्सी, २७९. गोल्फमध्ये कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यांत घालणारा जिंकतो, त्यामुळे आकडे असे चढत जातात. यादीत खटकण्यासारखे काही नाही. पण मधला आकडा खरा नाही. डी व्हिसेन्झोने त्या चार दिवसांत २७७ फटके मारले होते. मैदानावर उभ्या असलेल्या प्रेक्षकांनी ते पाहिले होते, टीव्हीवर पाहणाऱ्यांनीही पाहिले होते. तरी निकालात २७८ लागले आणि आज सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांनंतरही ते तसेच आहेत.

मी गोल्फ खेळत नाही. माझा संबंध कागदांशी. जुने फेरफार, वाटणीपत्रे, गहाणखते वाचण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली. अशा कागदांच्या शेवटी कुठे ‘सही दस्तुरखुद्द’ असे आले की आपण वाचणारे निर्धास्त होतो. माणसाने स्वतःच्या हाताने मान्य केले आहे, आता शंका कशाला? ऑगस्टाचे हे प्रकरण पहिल्यांदा वाचले तेव्हा त्या निर्धास्तपणालाच धक्का बसला. इथे सही अस्सल होती, सही करणारा सज्जन होता, कुणी कुणाला फसवले नव्हते, आणि मजकूर मात्र चुकीचा होता.

आधी या खेळातली नोंद कशी होते ते सांगायला हवे, नाहीतर पुढचे सगळे अकारण निष्ठूर वाटेल. क्रिकेटमध्ये गुणलेखक सीमारेषेबाहेर बसलेला असतो, टेनिसमध्ये पंच उंच खुर्चीवर. गोल्फमध्ये एका फेरीत अठरा होल, मैदान काही मैलांचे, आणि दोन-दोन तीन-तीन खेळाडूंचे गट एकाच वेळी सगळीकडे पांगलेले. प्रत्येक फटक्यापाशी पंच उभा करणे शक्य नाही. म्हणून रीत अशी पडली, की तुमचे फटके तुमच्यासोबत खेळणारा लिहितो आणि त्याचे बहुधा तुम्ही. फेरी संपली की लिहिणारा सही करतो, खेळणारा ताडून पाहतो आणि आपली सही करतो. ते कार्ड समितीच्या हाती गेले की विषय संपला. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. खेळाडूची जबाबदारी प्रत्येक होलपुढच्या आकड्यापुरती असते. बेरीज करणे हे समितीचे काम. बेरीज चुकली तर ती खुशाल दुरुस्त होते. रकान्यातला आकडा चुकला तर होत नाही.

१४ एप्रिल १९६८, ईस्टरचा रविवार. दहाच दिवसांपूर्वी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि त्याच आठवड्यात मंगळवारी त्यांची अंत्ययात्रा अटलांटात निघाली होती. ऑगस्टाही जॉर्जिया राज्यातच. त्या क्लबात खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे कॅडी कृष्णवर्णीय असत. कृष्णवर्णीय खेळाडूला मास्टर्समध्ये पाऊल ठेवायला १९७५ साल उजाडले. हे सगळे वातावरण सोडून केवळ एका कार्डाची गोष्ट सांगणे मला थोडे अवघड जाते, पण त्या रविवारी क्लबाच्या कुंपणाआत चर्चा होती ती अर्जेंटिनाच्या एका थोराड, हसऱ्या माणसाची.

डी व्हिसेन्झोचा त्या दिवशी पंचेचाळिसावा वाढदिवस. तो लहानपणी स्वतः कॅडी होता. आदल्याच वर्षी त्याने लिव्हरपूलजवळच्या हॉयलेक इथे जॅक निकलॉसला दोन फटक्यांनी मागे टाकून ब्रिटिश ओपन जिंकली होती. रविवारी पहिल्याच होलवर, जिथे चार फटके अपेक्षित असतात, त्याचा दुसराच फटका थेट खळग्यात गेला. लोकांनी तिथल्या तिथे वाढदिवसाचे गाणे म्हटले. दुसऱ्या आणि तिसऱ्या होलवर त्याने एकेक फटका वाचवला. पहिले नऊ होल ३१ फटक्यांत. सतराव्यावर, जिथे चार अपेक्षित, तिथे त्याने तीन घेतले. अठराव्यावर मात्र चाराऐवजी पाच लागले. नंतरचे नऊ होल ३४, एकूण ६५.

अठराव्यावरचा तो वाया गेलेला फटका त्याला डाचत होता, असे सगळे वृत्तांत सांगतात. ग्रीनच्या कडेला उघड्यावरच एक टेबल मांडलेले होते, भोवती गर्दी, वार्ताहर, ओळखीचे आवाज. त्याचे कार्ड टॉमी आरनने लिहिले होते. आरनने सतराव्या रकान्यात तीनऐवजी चार लिहिले होते. डी व्हिसेन्झोने कार्डावर सही केली आणि तो उठला. थोड्या वेळाने चूक ध्यानात आली, पण तोवर कार्ड समितीचे झाले होते.

नियम ३८ त्या वेळी सांगत असे : होलपुढे प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा लिहून सही केली, तर तो जास्तीचा आकडा कायम. कमी लिहून सही केली, तर खेळाडू बाद. म्हणजे ६५ चे ६६ झाले आणि २७७ चे २७८. ही हकीकत सांगताना डी व्हिसेन्झोला ‘अपात्र ठरवले’ असे अनेकदा म्हटले जाते. ते बरोबर नाही, तो दुसरा आला. आणि त्याच्या हातून अजिंक्यपद गेले हेही पुरते बरोबर नाही. कार्ड अचूक असते तर दोघे बरोबरीत राहिले असते आणि सोमवारी अठरा होलांचा प्लेऑफ झाला असता. गेला तो प्लेऑफ.

काही वाट निघते का, हे विचारायला अधिकारी बॉबी जोन्सकडे गेले. या स्पर्धेचा संस्थापक जोन्स मज्जारज्जूच्या व्याधीने वर्षानुवर्षे खुर्चीला खिळलेला होता आणि क्लबाच्या आवारातल्या आपल्या घरात होता. वाट निघाली नाही. यात नियतीची थट्टा शोधणाऱ्यांनी १९२५ ची अमेरिकन ओपन आठवावी. तिथे चेंडूपाशी काठी टेकवताना तो किंचित हलला असे जोन्सने स्वतः सांगितले होते. इतर कुणी ते पाहिले नव्हते. त्याने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला, त्यामुळे विली मॅकफार्लनशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. कौतुक करणाऱ्यांना त्याने उत्तर दिले होते, त्याचा आशय असा, की बँक लुटली नाही म्हणून माणसाची पाठ थोपटायची का? ज्या खेळात न दिसलेला फटका खेळाडूच्या शब्दावर मोजला जातो, तिथे सगळ्यांना दिसलेला फटका त्याच्या सहीविरुद्ध कसा मोजणार? मला हा युक्तिवाद पटतो. पटूनही बरा वाटत नाही.

याच नियमाची दुसरी बाजू अकरा वर्षांपूर्वी दिसली होती. १९५७ च्या महिलांच्या अमेरिकन ओपनमध्ये हवाईची जॅकी पंग सर्वांत कमी फटक्यांत पोहोचली. पण तिच्या कार्डावर चौथ्या होलपुढे सहाऐवजी पाच लिहिलेले होते. खाली लिहिलेली बेरीज अगदी बरोबर होती! ती बाद झाली, विजेतेपद बेट्सी रॉल्सला गेले. क्लबाच्या सभासदांनी तिच्यासाठी वर्गणी गोळा केली. म्हणजे आपण काय केले हे त्यांनाही कळले होते.

डी व्हिसेन्झोने आरनला दोष दिला नाही. मोडक्या इंग्रजीत ‘मी काय मूर्ख!’ अशा अर्थाचे तो जे बोलला ते वाक्य त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा प्रसिद्ध झाले. जगाने त्याला जवळ घेतले. १९७० मध्ये त्याला अमेरिकन गोल्फ संघटनेचा खिलाडूवृत्तीसाठीचा पुरस्कार मिळाला, तोही बॉबी जोन्सच्याच नावाचा. २०१७ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो गेला तेव्हा बहुतेक मृत्युलेखांची सुरुवात त्या कार्डापासून झाली.

गोल्बीला मात्र कुणी जवळ घेतले नाही. इलिनॉयमधल्या बेलव्हिलचा हा खेळाडू त्या दिवशी ६६ खेळला होता. पंधराव्या होलवर पाचाऐवजी तीन, सतराव्यावर एक फटका वाया, आणि अठराव्यावर बरोबरीसाठी नेमके चार हवे असताना त्याने ते चार काढले. आपण उद्या प्लेऑफ खेळणार असे धरूनच तो शेवटच्या खळग्यातून चेंडू उचलून आला. त्याच्या कार्डात चूक नव्हती, दुसऱ्याच्या कार्डाशी त्याचा संबंध नव्हता. तरी पुढे त्याला शिव्याशापांची पत्रे आली. जणू त्याने पदक चोरले होते. चार मोठ्या स्पर्धांपैकी ही एकच त्याच्या नावावर आहे, आणि तिच्यापुढे लोकांच्या मनात कायम एक तारांकित टीप राहिली. २०२२ मध्ये तो वारला. सहानुभूतीचे वाटप करताना आपण हरलेल्याला भरभरून देतो आणि बिनचूक जिंकलेल्याला विसरतो, तसे त्याचे झाले. प्लेऑफ झाला असता तर तो जिंकलाही असता. ती संधी त्याचीही गेली, हे कुणाच्या मनात येत नाही.

कार्ड तपासण्याचे ठिकाण नंतर उघड्यावरून हलवून गर्दीपासून आडोशाला नेण्यात आले. नियमाचा क्रमांक बदलला, शब्द बदलले. गाभा तोच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्डन स्पीथने चौथ्या होलपुढे चारऐवजी तीन असलेल्या कार्डावर सही केली आणि तो स्पर्धेतून बाद झाला.

राहता राहिला टॉमी आरन. १९७३ च्या मास्टर्समध्ये शेवटच्या दिवशी त्याचे कार्ड जॉनी मिलर लिहीत होता. तेराव्या होलवर आरनने चार फटके घेतले होते, मिलरने पाच लिहिले. आरनने सही करण्याआधी एकेक रकाना वाचला, तेराव्यापाशी थांबला, आकडा दुरुस्त करून घेतला आणि मग सही केली. त्या वर्षी तो एका फटक्याने जिंकला.