नगरपरिषद (महाराष्ट्र)
लहान शहराचा कारभार पाहणारी, लोकांनी निवडलेली स्थानिक स्वराज्य संस्था. बोलीत ती अजून 'नगरपालिका'च. तिचा आधार १९६५ चा राज्य अधिनियम. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तिला घटनात्मक दर्जा मिळाला. लोकसंख्येनुसार अ, ब, क असे वर्ग असून गाव शहराकडे झुकू लागले की तिथे नगरपंचायत येते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात.

नगराध्यक्ष थेट जनतेने निवडायचा की नगरसेवकांनी, हा नियम सरकारगणिक उलटसुलट होत आला आहे. प्रशासनाची सूत्रे मात्र शासननियुक्त मुख्याधिकाऱ्याकडे. सभेत ठराव होतो, तो अमलात आणायचा त्याने. बरेचसे खटके इथेच उडतात.

नागरिकाचा संबंध येतो तो नळ, गटार, घंटागाडी आणि दाखल्यांपुरता. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते; ती चुकली की विलंबशुल्क आणि हेलपाटे. घरपट्टी व पाणीपट्टी ही हक्काची मिळकत, पण १९९९ मध्ये जकात गेल्यापासून तिजोरीची भिस्त शासकीय अनुदानावरच अधिक. थकबाकीदाराचा नळ तोडणे कायद्यात बसते, निवडणुकीच्या तोंडावर सहसा जमत नाही.