फुलीचा टाका: तांडा, रुखवत आणि विकतचा संच

इतिहासाच्या व्याख्यानमालेत भरतकाम कशाला, असं आजचा विषय वाचून काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आपण आधी कनेरगाव नाक्यावर जाऊ.

हिंगोलीहून वाशीमकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. आज इथे दोन जिल्ह्यांची हद्द जवळ आहे. 1948 पर्यंत मात्र ही दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचं संस्थान, पलीकडे वऱ्हाड. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि हा रस्ता दोन कारभारांच्या मध्ये आला. निजामाच्या जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. काय माल आला, किती आला, याची नोंद ठेवणं हे नाक्याचं काम. पण बाईच्या अंगावरच्या काचळीवर काय भरलंय, याची नोंद कुठल्याच नाक्यावर होत नसते. आम्हाला आज त्या न झालेल्या नोंदीबद्दल बोलायचं आहे.

क्रॉस स्टिच म्हणजे फुलीचा टाका. कापडाचे धागे मोजायचे, एक तिरका टाका घालायचा, त्यावर उलट्या दिशेने दुसरा. झाली एक फुली. शिस्त एकच: सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेने पडला पाहिजे, नाहीतर कामाची चमक फाटते. यात चित्रकला लागत नाही, मोजणी लागते. आणि आमच्या मते या टाक्याचा इतिहास म्हणजे मोजणी कुणी केली, याचा इतिहास आहे.

या भागात तो टाका फार जुना आहे, तांड्यांमध्ये. वाशीम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र. हिंगोली-वाशीमच्या शिवारात तांडे जागोजाग आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन देशभर फिरणारा हा समाज. रेल्वे आली, पक्के रस्ते आले आणि हा धंदा बसला. त्याच समाजावर इंग्रजी राज्याने गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. 1871 चा तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. या सगळ्या उलथापालथीत बायकांचं भरतकाम चालूच राहिलं: फेटिया, काचळी, बटवे, घागरीखालच्या चुंबळीची सजावट. कवड्या आणि आरसे आपल्या पटकन डोळ्यांत भरतात. पण त्यांच्या मधली चौकट आणि शंकरपाळे नीट बघा. ते धागे मोजून घातलेले असतात. समोर कागद नाही, कापडावर पेन्सिलीची रेघ नाही. मोजणी डोक्यात, आईकडून लेकीकडे आलेली.

दक्षिणेकडे धारवाडच्या कशिद्यातही असंच. तिथे फुलीच्या टाक्याला मेंती म्हणतात, म्हणजे मेथी. मराठवाड्यातल्या आज्या ज्या इरकली नेसायच्या, त्यांच्या पदरावर हा कशिदा काढण्याची तिकडे जुनी रीत आहे. म्हणजे 'क्रॉस स्टिच' हे इंग्रजी नाव येण्याच्या कितीतरी आधी हा टाका आपल्या घरात होता.

नाव आणि कागद आले शाळेतून. अमेरिकन मराठी मिशनने 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. मुलींच्या शाळांत अक्षरांबरोबर शिवणकाम आलं. पुढे 1909 मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथे शिवण-भरतकाम म्हणजे बाईच्या हातात चार पैसे आणण्याचं साधन होतं. ही गोष्ट आपण विसरतो. ज्याला आज छंद म्हणतो, ते कित्येक विधवांसाठी पोट होतं.

युरोपात तोवर मोजणी कागदावर गेली होती. 1804 च्या सुमारास बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर रंगवलेल्या आकृत्या विकायला आल्या: एक घर म्हणजे एक टाका. त्याबरोबर रंगीत लोकर. आजच्या संचाची ती आजी. चित्र दुसऱ्याने ठरवायचं, रंग दुसऱ्याने निवडायचा, आपण घरं मोजत जायचं. मुलूसच्या डीएमसी कंपनीने 1886 मध्ये तेरेझ द दिलमों यांचा सुईकामाचा मोठा ग्रंथ काढला, आणि त्याबरोबर अर्थातच आपला दोराही खपवला.

आपल्याकडे हे सगळं उतरलं ते मॅटीवर आणि रुखवतात. मॅटीचं किंवा दुसुतीचं कापड, अँकरच्या लड्या, आणि शेजारणीकडून उतरवून घेतलेला चौकटीचा कागद. त्यातून तोरणं झाली, टेबलक्लॉथ झाले, रेडिओवरची आणि पुढे टीव्हीवरची झाकणं झाली. बदक, गुलाब, हरणांची जोडी. आणि फ्रेममध्ये 'वेलकम', इंग्रजी अक्षरांत.

इंग्रजी न येणाऱ्या घरातही इंग्रजी 'वेलकम'च का? फॅशन होती, हे खरंच. पण आमचा एक अंदाज आहे. इंग्रजी मोठं अक्षर पाच घरं रुंद, सात घरं उंच एवढ्यात बसतं आणि सुटं उभं राहतं. 'सुस्वागतम' काढून बघा. शिरोरेषा सोपी, पण खाली उकार, मध्ये जोडाक्षर, आणि 'ग'चा गोलावा चौकटीत आणायचा म्हणजे घाम फुटतो. तरीही कितीतरी मुलींनी तो काढला. चौथीनंतर शाळा सुटलेल्या मुलीचं हस्ताक्षर आज कुठे सापडणार? वही रद्दीत गेली. राहिली असतील तर मॅटीवरची ही अक्षरं. इंग्लंडमध्ये 1598 सालचा, जेन बोस्टॉक हे नाव असलेला भरतकामाचा नमुना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवला आहे. आपल्याकडे रुखवत मांडलं जातं, चार दिवस कौतुक होतं, मग ट्रंकेत जातं आणि शेवटी पुसायच्या फडक्यात. नाव नाही, साल नाही.

आता संच पार्सलने घरी येतो. कापड, बोथट टोकाची सुई, रंगवार लावलेले दोरे, खुणांचा नकाशा. अनेक जणी, आणि काही पुरुषही, संध्याकाळी तो घेऊन बसतात. याला नाक मुरडणारे आहेत. आम्ही त्यांच्यात नाही. एका इंचात 14 घरांच्या कापडावर 100 बाय 100 घरांचं चित्र म्हणजे जेमतेम 18 सेंटीमीटरचा चौकोन, पण पूर्ण भरला तर फुल्या 10,000. मिनिटाला पाच घातल्या तरी 33 तास. एवढा वेळ कुणी स्वतःसाठी काढत असेल, तर ती आपल्या घरांत लहान गोष्ट नाही. सेवासदनातल्या बाईला तो वेळ विकावा लागत होता. तांड्यातल्या बाईला आजही, भरलेली पिशवी व्यापाऱ्याला देताना, तो विकावाच लागतो. फुली तीच. एकीचा छंद आणि दुसरीची मजुरी, आणि दुसरीला मोजणी कुणी छापून देत नाही. कर्नाटकातल्या संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आपल्या तांड्यांतल्या कामाची निदान गाववार नोंद तरी व्हावी, असं आम्हाला वाटतं.

संच करणाऱ्यांना एक विनंती. काम संपलं की फ्रेम करण्याआधी कोपऱ्यात आपलं नाव आणि साल टाका. नकाशात ते नसतं. आणि घरात जुनी मॅटी असेल तर उलटी करून बघा. गाठी कुठे आहेत, दोरा कुठे संपला, रंग कुठे बदलावा लागला, ते मागेच कळतं.

आमच्या घरच्या 'वेलकम'मध्ये शेवटचा 'ई' दोन घरांनी अरुंद आहे. कापड संपत आलेलं, मोजणी थोडी चुकलेली. मागे लाल दोरा संपून गुलाबी लागला आहे. भरणारीचं नाव घरात आता कुणालाच सांगता येत नाही.