पाखरांच्या वाट्याची द्राक्षं

पिएमाँतेच्या बोलीत ‘आर्नेइस’ म्हणजे कुणाचं न ऐकणारं, आडमुठं कार्टं. एका पांढऱ्या द्राक्षाला हे नाव चिकटलंय, आणि मला ते फार आवडतं.

इटलीच्या वायव्येला, तानारो नदीच्या डाव्या काठावर रोएरोच्या रेताड टेकड्या आहेत. तिथे मान काळ्या नेब्बियोलोचा. आर्नेइसच्या वेली त्याच्याच ओळींत अधूनमधून लावत. ही गोड द्राक्षं आधी पिकत, पाखरं त्यांच्यावर तुटून पडत आणि नेब्बियोलो वाचे. उरलीसुरली त्याचा तुरटपणा कमी करायला त्यात मिसळत. मग तिच्या नावाची बाटली कोण भरणार?

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या वेली जवळपास संपल्याच होत्या. १९६७ मध्ये व्हिएत्ती वायनरीच्या आल्फ्रेदो कुर्रादो यांनी निव्वळ आर्नेइसची वाइन करायचं ठरवलं. पण द्राक्षं आणायची कुठून? असं सांगतात, की त्यांनी पाद्रीबुवांना गळ घातली: रविवारच्या मिस्सेला जाहीर करा, कुणाकडे आर्नेइस असेल तर मी विकत घेतो. आणि लोकांनी घड आणले! (मला तर यातले खरे हिरो पाद्रीबुवाच वाटतात.)

१९८९ मध्ये रोएरो आर्नेइसला ‘डीओसी’ मिळालं, पुढे दीडेक दशकात ‘डीओसीजी’ हा सर्वांत वरचा दर्जा. वाइनला नाशपातीचा वास, शेवटी बदामाचा किंचित कडवटपणा. आंबटपणा बेताचा, म्हणून बहुतेक बाटल्या ताज्या असतानाच उघडतात.