मायानगरींतील महामारी

खेळ हा रिकामपणाचा उद्योग, असें आपण सहज म्हणून जातों. परंतु कधीं कधीं खेळहि मनुष्यस्वभावाची साक्ष देतो. इ. स. १९७८ मध्यें इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं संगणकावर केवळ शब्दांची अशी एक सृष्टि रचण्यास आरंभ केला, कीं तींत अनेक खेळाडूंनीं एकाच वेळीं निरनिराळीं सोंगें घेऊन वावरावें. त्याच बीजाचा वटवृक्ष म्हणजे २००४ सालचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’.

१३ सप्टेंबर २००५ रोजीं या मायानगरींत विलक्षण संकट उद्भवलें. हक्कार नामक रक्तदैवताचा संसर्गजन्य शाप त्याच्या स्थानापुरताच राहावा, अशी योजना होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरांत शिरला. बलवान तगले, नवखे पटापट मेले, रस्ते सांगाड्यांनीं भरले. कोणी रानांत पळाले, कोणी आपण होऊन रुग्णांची शुश्रूषा केली, तर कोणी मुद्दाम रोग पसरविला! निर्मात्यांनीं क्वारंटाइन योजिलें, तेंहि फसलें. शेवटीं खेळाचे नियमच बदलावे लागले.

२००७ सालीं लॉफग्रेन व फेफरमन या संशोधकांनीं ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस’मध्यें या प्रसंगाची चिकित्सा केली. पुढें २०२० सालीं तेंच पळणें, तीच सेवा व तोच बेफिकीरपणा आपण प्रत्यक्ष पाहिला.

मुलांच्या हातीं असा खेळ द्यावा काय, असें कोणी पुसल्यास मी म्हणेन, वेळेची मर्यादा घालून अवश्य द्यावा, मात्र एवढें विचारावें, “संकटांत तूं काय केलेंस?” सोंग खोटें असलें, तरी त्यांतील वर्तन आपलेंच असतें.