महूची वाट आणि बोही चहा

महूच्या छावणीची कथा सांगताना महिदपूरची लढाई, ६ जानेवारी १८१८ रोजीचा मंदसोरचा तह आणि सर जॉन माल्कम यांचा उल्लेख हटकून होतो. त्या छावणीभोवतीच्या माळव्याच्या काळ्या मातीतील एका पिकाने चीनच्या चहाची किंमत चुकती केली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

हा चहा फुजियान प्रांतातील वुयी डोंगराचा. इंग्रजांनी त्या नावाचे ‘बोही’ केले. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात अमेरिकनांनी जो चहा बुडविला, त्यात बोहीच अधिक होता. परदेशी जाई तो माल जाडाभरडा. त्याच डोंगरातील जातिवंत ‘ऊलाँग’ची गोष्ट निराळी. पाने उन्हात कोमेजवून हलवीत राहतात, म्हणजे त्यांच्या कडा तांबूस होतात. मग कढईत परतून ती वळतात आणि बांबूच्या करंड्यांत घालून कोळशाच्या निखाऱ्यांवर ठेवतात. देवळातील धुपाटण्यात असावा तसा निखारा राखेखाली झाकलेला; ज्वाळा नाही, धूर नाही. असे तासन्‌तास चालते. ताज्या भाजणीचा चहा घशाला उग्र लागतो, म्हणून जाणकार तो काही महिने मुरू देतात. पुढे इवल्या मातीच्या किटलीत ती अर्धीअधिक भरेल इतकी पाने घालून वर कढत पाणी ओततात, पहिले पाणी फेकतात आणि नंतरचे काही क्षणांतच पेल्यांत गाळतात. तीच पाने सहा-सात वेळा रंग देतात. प्रथम भाजल्याचा खमंगपणा, मागाहून जिभेवर रेंगाळणारा गोडवा. आपल्यासारखे दूध-साखर घालून उकळले, तर यातले काहीच उरणार नाही!

चिनी व्यापारी चहाच्या बदल्यात चांदी मागत, आणि इंग्रजांचे कापड तेथे फारसे खपत नसे. तोड निघाली ती अफूची. खाजगी व्यापारी कँटनला अफू विकून आलेली चांदी कंपनीच्या खजिन्यात भरीत व लंडनवरील हुंड्या घेत. त्याच चांदीने कंपनी चहा खरेदी करी.

बंगालची अफू कंपनीच्या मक्त्यातली. होळकर-शिंद्यांच्या मुलखातली तशी नव्हती. माळव्यातला शेतकरी बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करी, आणि व्यापारी त्याचे गोळे बांधीत. मुंबईची वाट कंपनीने अडविली, तेव्हा पेट्या पाली-जेसलमेरवरून कराचीस व तेथून पोर्तुगीजांच्या दमणास जाऊ लागल्या. अखेर १८३० मध्ये कंपनीने पेटीमागे १७५ रुपये घेऊन मुंबईचे परवाने देण्यास सुरुवात केली. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत हा कर ४०० रुपयांवर गेला. माल आता मुंबईस येणे भागच होते. इंदूरहून तिकडे जाणारा आग्रा रस्ता महूवरून जातो.

यात सारा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. सर जमशेटजी जिजीभाई, त्यांचे भागीदार मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान महंमद अली रोगे, तसेच दमणच्या वाटेने व्यापार करणारे गोमंतकीय रोजेरिओ द फारिया, ही सारी आपलीच माणसे. त्यांच्या दानधर्माच्या पाट्या आपण आदराने वाचतो. त्या पैशाच्या उगमाकडे मात्र पाहत नाही.

चीनने १८३९ मध्ये अफूच्या पेट्या नष्ट केल्या, तेव्हा युद्ध झाले आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. हिंदुस्थानची निर्यात दहा वर्षांत क्रमाक्रमाने बंद करण्याचा करार १९०७ साली झाला. मंदसोर-नीमचकडे खसखशीची शेते अद्याप फुलतात, पण सरकारी परवान्याने आणि औषधासाठी.